बाळाबाईला एकटीला वाचून दाखवणे

कोल्हापूर, शुक्रवार पेठ
माघ शुद्ध पंचमी, शके १८४१

चिरंजीव गणपतराव, मुक्काम मुरगूड, यांस वडील बहीण धोंडुबाईचे अनेक आशीर्वाद. इकडील सर्व खुशाल. कार्ड लिहिण्यास कारण की, आमचा चि. पिराजी व तुमची कन्या चि. तानूबाई यांचे लग्न येत्या वैशाखात धरले होते, ते यंदा होणे नाही. पिराजी पलटणीतून बसऱ्याहून आला खरा, परंतु प्रकृती अजून भरून आलेली नाही. शिवाय म्हशी व्यायल्या आहेत, यजमान गेल्यापासून घरात दुसरे माणूस नाही. तरी पुढे पाहू. मनात किंतु आणू नये. सौ. बाळाबाईस सांगावे की लोणचे पोहोचले.

लिहिणार लालासाब मुल्ला, शेजारी. माझाही सलाम घ्यावा. बाई सांगताना मधेच थांबल्या. आणखी काही लिहायचे आहे काय, असे मी विचारले. नाही म्हणाल्या.


माघ वद्य एकादशी

गणपा,

हे पत्र लालासाब मास्तरांच्या हातचं न्हाय. त्यांची लेक रोशनबी लिहिती. दवाखान्यात बाळंतपणं करती. नवरा मानमोडीच्या साथीत गेला तवापास्नं बापाकडंच हाय. तिला म्हटलंय, मी बोलते तसंच उतरव, शाळंचं मराठी त्यात मिसळू नको.

तुझं पत्र मास्तरांनीच वाचून दाखवलं. "आमच्या पोरीत काय खोट दिसली ते सांग, न्हायतर भाऊबीजेला दुसरा भाऊ शोध," हितं आल्यावर त्यांनी चष्मा काढला. पुसत बसले बिचारे. तुला लागणार हे मला ठावं हुतं रं. तानूच्या बारशाला तिच्या तोंडात साखर मीच घातली, भर मांडवात मीच म्हटलं, ही माझी सून. सगळ्या मुरगुडानं ऐकलंय. आता चावडीवर लोक इचारत असतील, काय गणपतराव, अक्कानं पोरगी का टाकली? अरं, पोरीत काय खोट असायची! सोन्यासारखी पोरगी. खोट माझ्या घरात हाय. ती कार्डावर लिवण्यासारखी न्हाय, आन् मास्तरांच्या पांढऱ्या दाढीम्होरं तर माझी जीभच रेटंना. म्हणून म्हशी व्यायल्या असं लिवाय सांगितलं. म्हशी व्यायल्यात ते खरं हाय.

आता ऐक. बसून ऐक.

पिराजीला गरमीचा रोग झालाय.

लिवलं बघ रोशनबीनं. तिचा हात थांबला न्हाय.

बसऱ्यास्नं आला तवा अंगावर तांबडं डाग हुतं. मला वाटलं तितल्या उन्हानं असंल. मग केस जायला लागलं, फणी फिरवली की पुंजकं हातात. घसा बसला. एवढा तालमीतला गडी, पण धार काढाय बसला की घामानं निथळायचा. एक दिवस म्हशीच्या कासंखाली बसल्या बसल्या, माझ्याकडं न बघता म्हणाला, "आई, तितं असताना एक फोड आलता. दुखत न्हवता. आपोआप गेला. आल्यावर जोतिबाला जाऊन नारळ फोडला, गुलाल लावला. आता काय न्हाय." मी म्हटलं, "फोड कुठं आलता?" बादलीत धार वाजायची तेवढीच. मग मला कळलं. आई हाय मी, कळायचं ऱ्हातंय व्हय?

रागानं मी काय केलं सांगू? त्याचं ताट वेगळं केलं. तांब्या वेगळा, वाकळ वेगळी. पलटणीतनं आणल्यालं घोंगडं परड्यात नेऊन जाळलं. त्याच्या गडूला कुणाला हात लावू दीना. आन् लगनाचं म्हणशील तर लगीन थांबवायचं माझ्या डोक्यातच आलं न्हाय गणपा! हळकुंडं आणून ठेवलीवती. तालमीपुढं म्हातारं बसत्यात ते म्हंत्यात, कुवारी पोरगी घरात आली की असलं दुखणं उतरतंय. मलाबी ते खरंच वाटत हुतं.

रोशनबीनं ते वेगळं ताट बघितलं आन् इचारलं. तिच्याम्होरं मला रडू आलं. तीच आमा दोघास्नी डाक्टरीणबाईकडं घिऊन गेली. बाईनं पिराजीला बघितलं, मग मला आत बोलवलं. मी आपली मोठ्या तोऱ्यात सांगाय लागले, बाई, मी सगळं वेगळं केलंय, ताट, तांब्या, घोंगडंबी जाळलं. वैशाखात लगीन हाय. त्या म्हणाल्या, "ताट वेगळं केलंत, आणि अंथरूण एक करायला निघालात?"

जिमिनीनं पोटात घ्यावं असं झालं मला.

त्यांनी काय सांगितलं ते जसंच्या तसं सांगते. हा रोग ताटातनं येत न्हाय, वाऱ्यातनं येत न्हाय, कुणाच्या दिठीतनं येत न्हाय. बाप्याबाईच्या एका अंथरुणातनं येतो. पैल्यांदा एक फोड येतो. तो दुखत न्हाय. औषध करा न्हायतर नका करू, तो आपोआप जातो, आन् माणूस म्हंतो, सुटलो. सुटत न्हाय गणपा. रोग रगतात उतरतो. मग अंगावर डाग, केस जात्यात, तेबी पुन्ना जातं. वर काय दिसत न्हाय, आन् आत बसल्याला असतो. वरसानुवरसं बसतो. तंवर बायकोला जातो, आन् बायकोच्या पोटातल्या बाळाला. म्हंजे जोतिबानं काय केलं न्हवतं, फोड जायचाच हुता. देवाला कशाला मधी घालायचं?

औषध हाय. दंडात सुई टोचत्यात, ती मुंबैहून येती, आन् संगट पाऱ्याचं मलम. दोन वरसं लागतील. रगत तपासून डाक्टरीणबाई व्हय म्हणंल तवाच लगीन. तंवर तानूला थांबव. न्हायतर दुसरं चांगलं घर बघ, मी वाईट मानणार न्हाय. लोकांस्नी सांग, अक्काचं डोकं फिरलंय. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हंत्यात, पण ही मूठ झाकून ठेवली तर तानूच्या जिवावर उठंल, म्हणून तुझ्यापुढं उघडली.

वाचून झालं की चुलीत घाल.

तुझी अक्का


फाल्गुन शुद्ध दशमी

गणपा,

तुझं उत्तर आलं. रोशनबी वाचत हुती, मधीच तिनं कागद खाली केला. "मावशी, पुढचं वाचू का?" म्हणाली. मी म्हटलं, वाच की, भावाचंच पत्र हाय.

तू लिवतोस, "अक्का, एवढ्यासाठी माझ्या पोरीचं लगीन मोडतीस? मर्दाला हे हुतंच. मला बेळगावच्या पलटणीत असताना झालतं. वैदूकडनं हिंगुळाची धुरी घेतली. तोंड आलं, दात हललं, पण फोड गेला. त्याच साली लगीन केलं. आज बघ, एकटा मोट हाणतोय. डाक्टरणीच्या नादाला लागू नको. वैशाखातली तिथी काय बदलायची न्हाय."

आदी मला बरं वाटलं. खरं सांगते. माझा भाऊ धडधाकट हाय, मग माझा ल्योकबी हुईल. लई दिवसांनी उठून चुलीवर दूध ठेवलं, पिराजीला हाक मारणार हुते. आन् तितंच वहिनी आठवली. दूध उतू जाऊन चूल इझली तरी मी उभीच.

तुझ्या लगनानंतर बाळाबाईचं पैलं पोटातच गेलं. दुसरं मेल्यालंच जलमलं. तिसरं आलं ते म्हाताऱ्यासारखं सुरकुतल्यालं, नाक चोंदल्यालं, दूध ओढाय येईना. मी बाळंतिणीला बघाय आलते, मांडीवर घेतलं हुतं त्याला. चौथ्याचंबी तेच. तवा आईनं तिला काय काय करायला लावलं आठव. मुंजाचा उतारा, सटवाईला कोंबडं, गळ्यात ताइतांची माळ. पांढऱ्या पायाची म्हणून तिला कुणी वटी भराय बोलवत न्हवतं. तू तर दुसरी बायको करायला निघालतास, मामानं दटावलं म्हणून ऱ्हायलास. आग रामेश्वरी आन् बंब सोमेश्वरी! आग तुझ्यात हुती रं.

तू शेतकरी, मी म्हशीवाली. एका दावणीच्या म्हशी एकामागनं एक गाभडाय लागल्या तर आपण काय करतो? पैलं इचारतो, रेडा कुणाचा दाखवलाता? त्या रेड्याला पुन्ना दारात येऊ देत न्हाय. मुरगुडच्या बाजारात पोरगंबी हे सांगंल. जनावरात आपल्याला एवढी अक्कल हाय. माणसात मात्र रेडा ठेवतो आन् म्हस बदलतो.

डाक्टरीणबाईला मी कुणाचं नाव न घेता इचारलं, एका बाईचं असं असं झालंय. त्यांनी उलटं एकच इचारलं, "नवऱ्याला लग्नाआधी काही झालं होतं का?" मी मान खाली घातली. मग त्यांनी सांगितलं, वरसं जातील तसा रोगाचा जोर कमी हुतो, मागनं एखादं मूल जगतं. म्हणून तानू जगली, ताइतानं न्हाय. पण तिचं रगत, वहिनीचं आन् तुझंबी रगत बघाय पायजे. तू मोट हाणतोस म्हणून बरा झालास असं न्हाय.

आता तू म्हणशील, बेळगावच्या बाजारातली ती बाई वाईट, बसऱ्यातली वाईट. अरं, त्या काय हा रोग घिऊन जलमल्यात? त्यांस्नीबी कुणीतरी गड्यानंच आणून दिला की. गडी पलटणीस्नं घरी येतो, न्हाऊनधुऊन मांडवात उभा ऱ्हातो, आन् नाव बाईचं निघतं.

मी तुला शिव्या द्याय बसले न्हाय. माझ्या पाठचा तू, मी तुला कडंवर खेळवलाय. तुला तवा कुणी सांगितलं न्हवतं. पण आता मी सांगितलंय. इथनं पुढं मला ठावं न्हवतं म्हणायला तुला जागा न्हाय. तानू तुझी एकुलती एक हाय. तिच्या कपाळी बाळाबाईचं नशीब लिवू नको, तुझ्या पाया पडते. थोरली असून पडते.

अक्का


चैत्र शुद्ध द्वितीया, शके १८४२

गणपा,

पाडव्याला तू कोल्हापुरात येऊन गेलास. मी दूध घालाय गेलते. आल्यावर शेजारणीनं सांगितलं, तुझा भाऊ आलता, उंबऱ्याच्या आत पाय ठेवला न्हाय, पाणी घेतलं न्हाय. तालमीत जाऊन पिराजीला गाठलास आन् संगट घिऊन गेलास.

पैली सुई झाली तवा पोराला लई ताप आला, उलट्या झाल्या. त्यानं हाय खाल्ली. पुढची सुई मुंबैहून यायला उशीर लागला. तेवढ्यात तू त्याच्या कानात सांगितलंस, सुयांनी गडी निकामी हुतो, लगीन झालं की सगळं बरं हुतंय. जाताना तो शेजारणीपाशी निरोप ठेवून गेला, मामा अनुभवाचं सांगतोय. अनुभव! तुझा अनुभव बाळाबाईला इचार म्हणावं.

पिराजी तुझ्यागत हाय, मनानं वाईट न्हाय, पण भित्रा. दंडाला टोचून घ्यायचं भ्या वाटतं, मांडवात उभं ऱ्हायाचं वाटत न्हाय. आन् तू, एवढा शाणा, चावडीवरच्या चार तोंडांपायी पोटची पोरगी द्याय निघालास. गाव काय म्हणंल! गावाच्या घरात जायचं हाय व्हय तानूला?

मी वरमाय म्हणून मांडवात येणार न्हाय. तुला माझं हे शेवटचं पत्र. तुझ्यासंगं बोलून झालं. आता जिच्यासंगं वीस वरसांमागं बोलाय पायजे हुतं तिच्यासंगं बोलते.


चैत्र वद्य चतुर्थी

ह्या पत्रावर पोष्टाचा शिक्का न्हाय. रोशनबीची मावशी अमीरबी मुरगुडात ऱ्हाती, तिला भेटाय म्हणून रोशनबी स्वतः घिऊन येतीया. गणपा आन् पिराजी मळ्यात गेल्यावर, बाळाबाईला एकटीला वाचून दाखवणे. तानू असली तर तिला पाण्याला धाडणे.

बाळाबाई,

तुला वाचाय येत न्हाय, मला लिवाय येत न्हाय. म्हणून तर आजपतूर दोघींच्या मधी सगळं गड्यांच्या तोंडानं गेलं. आता ही रोशनबी म्हंजे माझंच तोंड समज. तिच्याम्होरं लाजू नको. ती रोज बाळंतिणी बघती.

तुझी चार बाळं गेली. त्याचं कारण मला आता कळलं. मागं ठावं असून लपवलं असं मनात आणू नकोस, ह्या फाल्गुनातच कळलं. ती तुझ्या पायगुणानं गेली न्हाईत. सटवाईनं न्हेली न्हाईत. कुणाची नजर न्हाय, करणी न्हाय. पोटुशी असताना तू चंद्राला गिराण लागल्यावर चुलीपुढनं उठलीस म्हणून आई बोलायची, तेबी न्हाय. गणपाला लगनाआदी बेळगावात गरमी झालती. वर फोड गेला, आत रोग ऱ्हायला. तू नवी नवरी आलीस, तुला दिला. तुझ्याकडनं पोटातल्या लेकरांस्नी गेला. तुला कळाय वाटच न्हवती, कारण बाईला फोड आला तरी बऱ्याचदा दिसत न्हाय, दुखत न्हाय. तुझ्या अंगावर पैल्या साली तांबडं डाग उठलेवतं. आई म्हणाली, बिब्बा उतला. आठवतंय का बघ.

हे ऐकून तुला काय वाटत असंल ते मला हितं बसून कळतंय. कदाचित भांडं फेकून मारावं वाटंल. मार. पण आदी पुढचं ऐक, कारण पुढचं तानूचं हाय.

माझ्या पिराजीलाबी तेच झालंय. बसऱ्यास्नं घिऊन आलाय. गणपाला ठावं हाय, मी तीन पत्रं घातलीती. तुला सांगितलं असंल की अक्काला हुंडा कमी पडला, अक्का माजली. ऐक बाई, मी पिराजीची आई हाय. नऊ म्हैनं पोटात वागवलाय. बसऱ्याला गेला तवा रोज अंबाबाईला जाऊन धरणं धरल्यागत बसायची मी. तीच मी तुला सांगते, माझ्या ल्योकाला तुझी लेक देऊ नको.

तो बरा हुईल. सुया घेतल्या तर हुईल, आन् मी त्याला घ्यायला लावीन, कान धरून लावीन. पण आज न्हाय. आज तानू त्याच्या घरात आली तर तुझंच सगळं तिच्या वाट्याला येईल. पोरगी चौदा वरसांची, अजून हातात सागरगोटं खेळती. तिला कोण सांगणार हाय? तुला कुणी सांगितलं?

गणपा ऐकायचा न्हाय. भावकी बसंल, तुला बोलत्याल. तुझ्या माह्यारी कुणी उरलं न्हाय हे मला ठावं हाय, म्हणून तुझ्या बाजूनं उभं ऱ्हायाय कोण न्हाय असं वाटंल. मी हाय. हे घर तुझं हाय, तानूला घिऊन कवाबी ये. आन् एक ध्यानात ठेव. कन्यादानाला बाप हात धरतो, पण झारीनं पाणी आईच सोडती. आई न बसता मांडवात धार पडत न्हाय. ती झारी तुझ्या हातात हाय. गावात, भावकीत, घरात तुझ्या हातात आजपतूर कुणी काय दिलं न्हाय, पण एवढं एक हाय.

दुसरं, तुझं आन् तानूचं रगत डाक्टरीणबाईला दाखवायचं. एक थेंबभर घेत्यात, दुखत न्हाय. तानूत काय निघालं तरी भिऊ नको, औषध हाय.

माफी मागत न्हाय मी. नुसत्या माफीनं काय हुतंय? तू काय ते ठरव. जे ठरवशील त्याच्या मागं मी उभी हाय.

धोंडुबाई


मुरगूड
चैत्र वद्य एकादशी

वन्सं,

तुमास्नी बाळाबाईचा नमस्कार. रोशनबीच लिहिती. तिला मी जाऊ दिली न्हाय, अमीरबीकडंच ठेवून घेतली.

ती वाचत हुती तवा मी जोंधळं निवडत हुते. वाचून संपलं. मी म्हटलं, पुन्ना वाच. पुन्ना वाचलं. मी सूप बाजूला ठेवलं. रडू आलं न्हाय वन्सं. माझं मलाच नवल वाटलं. रोशनबीला म्हटलं, हे तुझ्या डाक्टरीणबाईनं खरंच सांगितलं? का वन्संनी माझी समजूत काढाय केलं? ती म्हणाली, "मामी, मी स्वतः अशी बाळं हातात घेतल्यात. त्यांच्या आयांनी काय केलेलं नसतं."

मग हे जेवाय आलं. पिराजी वसरीवर बसला हुता. ताट वाढलं आन् इचारलं, "बेळगावात तुमास्नी काय झालतं?" ह्यांनी घास ताटात ठेवला. "बरं झालतं की," म्हणालं. मी ताटाम्होरनं हलले न्हाय. मग खाली बघून म्हणालं, "मला वाटलं बरं झालतं." खोटं न्हवतं बोलत. ते मला दिसत हुतं, आन् त्याचाच मला जास्त राग आला.

मी सांगितलं, झारी मी धरणार न्हाय. मग मात्र उठलं. गावाला काय सांगू, सोयऱ्यांस्नी काय सांगू, माझं नाक कापलंस. मी म्हटलं, सांगा, बाळाबाईनं मोडलं. आजपतूर घरातलं सगळं माझ्याच नावावर घातलंय, हेबी घाला. त्यात काय जड न्हाय मला.

पिराजी आत आला. मला वाटलं मामाची बाजू घील. तो म्हणाला, "मामी, तानूला मला देऊ नका." एवढंच म्हणाला आन् तोंडाला टॉवेल लावून भाईर गेला. ल्योक वाईट न्हाय तुमचा. उद्या त्याला लावून देते, पुढची सुई चुकवू देऊ नका.

हे तवापास्नं मळ्यातच निजत्यात. माझ्यासंगं बोलत न्हाईत. पण काल गड्याकडनं निरोप आला, सोमवारी गाडी जुंपून ठेवतो, तुमी मायलेकी कोल्हापूरला जावा. स्वतः येणार काय ते सांगितलं न्हाय. मी इचारलंबी न्हाय. तानूला मी सगळं सांगितलं. तिनं इचारलं, मग आत्या माझ्यावर रागावली न्हाय ना? तिला तेवढंच पडलंवतं.

एक सांगते वन्सं, हे कुणाला सांगितलं न्हाय. सासूबाई मला पोरं खाणारी म्हणायच्या. पाहुण्याम्होरं म्हणायच्या, न्हाणीघरात एकटी असले तरी दाराभाईरनं म्हणायच्या. त्या गेल्या, नाव ऱ्हायलं. मीबी तेच खरं धरलं. तानू ल्हान असताना तिला ताप आला की मी तिच्या उशाला बसत न्हवते. आईची सावली नको म्हणून भाईर वसरीत बसायची, आतनं ती आई आई म्हणायची तरी जायची न्हाय. लोक म्हणायचे, कसली आई ही. ते एवढं मला फेडाय हवंय.

काल सकाळी मळ्याच्या बांधावर गेले. लिंबाखाली चारीबी लेकरं पुरल्याली हाईत. इतकी वरसं मी त्या बाजूनं जात न्हवते, वैरणीला बाईला धाडायची. काल जाऊन बसले. नाव न्हवतं ठेवलं कुणाचं, त्यामुळं हाक तरी काय मारायची. नुसतंच म्हटलं, "मी न्हाय रं खाल्लं तुमास्नी." मोठ्यानं म्हटलं. पलीकडच्या वावरात नांगरट चालली हुती, गड्यानं बैलं थांबवली आन् बघाय लागला. मी मनात म्हटलं, ऐकू दे. आन् परत एकदा म्हटलं.

बाळाबाई